देवाचा नग आणि त्यानंतरचा

घरात शिरायच्या आधी शर्ट काढून बाहेरच्या दोरीवर टाकायचा, हा आमच्या वैनीचा कायदा होता. "अंगाला गंधकाचा वास येतोय भावजी तुमच्या. भाकरीला पण लागतोय त्यो." मी चिडायचो. वास येणारच की! दिवसभर रबराच्या प्रेससमोर उभं राहिलेल्या माणसाच्या अंगाला काय चाफ्याचा वास येणार होय? पण शर्ट काढायचो. घर तिचं आणि दादाचं होतं, मी त्यांच्या खोलीत कोपरा धरून राहिलेला धाकटा दीर.

दुष्काळात मंद्रूपची शेती पार बसली तेव्हा दादा आधी सोलापुरात आला आणि चादरीच्या कारखान्यात मागावर लागला. मागून मला आणलं. मॅट्रिकपर्यंत शिकवलं. स्वतः सकाळी जायचा ते कापसाचे तंतू केसांत घेऊन संध्याकाळी परत यायचा, आणि मला म्हणायचा, "तू मागावर येऊ नको. तुझं डोकं चालतंय, डोक्याचं काम बग." त्याच्याच ओळखीनं मी होटगी रोडच्या बाजूला एका रबराच्या कारखान्यात लागलो. कारखाना कसला, दोन पत्र्याच्या शेड. तिथं वॉशर, बुश, पायडलचे रबर असलं काहीबाही बनायचं.

माझं काम होतं ट्रायलचं. नवी डाय आली, म्हणजे नवा साचा आला, की तो आधी चालवून बघायचा. साचा तापवायचा, त्यात कच्चं रबर भरायचं, प्रेसमध्ये दाबून शिजवायचं. आमच्यात शिजणं हाच शब्द होता. नग बाहेर काढायचा, गार करायचा आणि धारदार सुरीनं पोटातून उभा कापायचा. आत बघायचं. कारण रबरासारखी लबाड वस्तू दुसरी नाही. वरून काळं कुळकुळीत, हात लावला तर कडक, आणि आत मात्र मधोमध कच्चं, भाकरी वरून पापुद्रा धरते आणि आत पीठच राहतं तसं. कापल्याशिवाय कळायचं नाही. मला त्या कापण्याची सवयच लागली होती. वैनी म्हणायची, "ह्यांना केळ दिलं तरी मधनं कापून बगतील."

आणि मग ती पिकरची डाय आली.

मागावर आडवं सूत घेऊन धोटा या कडेपासून त्या कडेला धावतो. त्याला दर वेळी ढकलणारा एक ठोकळा असतो, त्याला पिकर म्हणतात. तेव्हा सोलापुरात पिकर असायचे कातड्याचे. ते झिजायचे, पण झिजताना सांगायचे. आधी कड फुलायची, मग तंतू सुटायचे, विणकर बघायचा आणि बदलून टाकायचा. दादा म्हणायचा, "चामडं आदी बोलतंय, मग मरतंय." आमच्या मालकांच्या डोक्यात आलं की रबराचा पिकर करायचा. स्वस्त, टिकाऊ, आणि सोलापुरात माग काय थोडे होते? त्यांनी पुण्याहून डाय करून आणली. लाकडी पेटीतून ती काढताना त्यांचा चेहरा असा होता, जसं काही घरात बारसं आहे.

पण मला ती पेटी बघून बरं वाटलं नाही. कारण पायडलचं रबर आतून कच्चं निघालं तर सायकलवाला फार तर शिव्या देतो. पिकर फुटला तर धोट्याला तिरका मार बसतो आणि धोटा मागातून बाहेर उडतो. लाकडाचा जड धोटा, दोन्ही टोकांना लोखंडी अणकुची. आमच्या चाळीत शेवटच्या खोलीत राहणारा एक विणकर डाव्या गालाला खड्डा आणि डाव्या डोळ्याच्या जागी पांढरा गोळा घेऊन फिरायचा. धोट्यानं केलेलं काम. लहान पोरं त्याच्यासमोर गप्प व्हायची.

आणि ट्रायल कुठं घ्यायची ठरली? दादाच्याच मागावर.

त्याच्या शेठला आमच्या मालकांनी गळ घातली होती, आणि शेठ म्हणाले, "माझा सगळ्यात शांत हाताचा माणूस देतो, त्याचा भाऊ तुमच्याकडंच आहे, दोघं मिळून बघतील." सगळ्यांना फार सोयीचं वाटलं. मी घरी सांगितलं तेव्हा दादा खुशीत म्हणाला, "मग काय, घरचाच माल की!" वैनी भाकरी थापत होती. ती थांबली. "आणि धोटा उडाला तर?"

"उडतोय कशाला? ह्यो कापून बगतोय न्हवं."

वैनीनं माझ्याकडं बघितलं. "नीट कापा हो भावजी."

आता एक रीत सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथंच अडलं. आमच्या कारखान्यात नव्या डायची पूजा व्हायची. हळद-कुंकू, नारळ, उदबत्ती. आणि त्या डायमधून निघालेला पहिला नग देवाचा. तो कापायचा नाही, मोजायचा नाही, त्यात खोट काढायची नाही. कुंकू लावून देवाच्या फोटोपुढं ठेवायचा. आमचे मिस्त्री, म्हणजे प्रेस चालवणारे वयस्कर गृहस्थ, या बाबतीत फार कडक होते. घरी तेलुगू बोलायचे, आमच्याशी मराठी, आणि देवाशी दोन्ही. मला या रीतीचं काही वाकडं नव्हतं. कारण पहिला नग तसाही कधी कामाचा नसतो. डाय अजून सगळीकडून सारखी तापलेली नसते, पहिला नग हटकून कच्चा निघतो. देवाला दिला तर दिला, देव काय तो मागावर लावणार होता?

पूजेच्या वेळी मालकांनी मला हार आणायला पिटाळलं. परत आलो तोवर पहिला नग फोटोपुढं ठेवलेला होता, कुंकू लावून, जास्वंदीचं फूल वाहून.

त्यानंतर मात्र दिवसभर माझी आणि मालकांची जुंपली. ट्रायलमध्ये ठरवायचं असतं की नग प्रेसमध्ये किती वेळ ठेवायचा. जास्त ठेवला तर दिवसात नग कमी निघतात, कमी ठेवला तर कच्चा. मालक म्हणायचे, अजून थोडं कमी कर. मी कमी करायचो, नग कापायचो, त्यांच्या नाकासमोर धरायचो. मधोमध मऊ, चिकट डाग. "बघा, कच्चाय."

"अरे वरून बघ की, काय तुकतुकीत आहे!"

"वरनं बघून काय करू? आरसा आहे का तो?"

मिस्त्री गालात हसायचे. शेवटी एवढा वेळ ठरला की मी कापलेला नग आतून पक्का निघाला, परत कापला तोही पक्का, आणखी एक कापला तोही. मग त्याच वेळेनं मागावर न्यायचे नग काढायला सुरुवात केली. दुपार कलली होती. आणि शेडमधला दिवा पिवळा पडला.

सोलापुरात हे रोजचंच होतं. दुपारी सगळे माग जोरात असले की विजेचा दाब पडायचा. दिवा पिवळा झाला म्हणजे प्रेसच्या गरम प्लेटाही मंद होणार. मी मिस्त्रींना म्हणालो, "थांबू या का?" त्यांनी प्लेटेवर थुंकीचं बोट टेकवलं, चर्र आवाज ऐकला आणि म्हणाले, "थोडं जास्त ठेवतो अंदाजानं." मालकांना म्हणालो, उद्या परत काढू, परत कापू, मग परवा नेऊ. ते उखडले. "शेठला सांगून बसलोय. उद्याचा दिवस चांगला आहे. तुझ्या कापण्यापायी डाय म्हातारी होईल!"

मला त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही. दादा मात्र दोन भाकऱ्या जास्त हाणून झोपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या चादरीच्या कारखान्यात गेलो. मालक, मिस्त्री, आणि पिकरची पिशवी धरलेला मी. मागांचा आवाज इतका की बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागायचं. दादाचा माग कडेला होता, त्यानं तो बंद करून पुसूनबिसून ठेवला होता, कपाळाला गंध लावला होता. शेठनी आजूबाजूचे चार माग थांबवले. तेवढीच थोडी शांतता झाली.

मी पिशवीत हात घालणार, तोच मालकांनी खिशातून रुमाल काढला. रुमालात काय? देवाचा नग! कुंकू तसंच. "पहिला मान ह्याचा," ते म्हणाले. "देवापुढचा नग आहे. आधी हाच लावू, पुढं सगळं सुरळीत." शेठनी हात जोडले. आजूबाजूच्या विणकरांनी माना डोलावल्या. दादानं तर तो नग दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावला.

माझ्या अंगाची आग झाली. अरे, शहाणी माणसं ना तुम्ही? जो नग कधी कापून बघितला नाही, जो हटकून कच्चा असतो, तोच लावायचा? आणि तो माझ्या भावाच्या तोंडासमोर? मी ओरडलोच, "तो लावायचा नाही! पहिला नग कच्चा असतो!"

"हळू बोल," मालक दातओठ खात म्हणाले. "लोक बघतायत."

"बघू देत! डोळा कुणाचा जाणार? तुमचा का ह्याचा?"

शेठ गोंधळले. दादानं माझ्याकडं बघितलं, रागानं नाही, नुसतंच बघितलं. मी त्याच्या हातातून नग ओढून घेतला, मागाच्या लाकडावर ठेवला आणि खिशातली सुरी नगाच्या पोटातून घातली.

कुणीतरी "अगं आई" म्हणालं. मागं एक विणकर पुटपुटला, "क्या किया रे तू ये." कुंकवाच्या डागाचे दोन भाग झाले. मी ती दोन शकलं उचलली, सगळ्यांना दाखवायला म्हणून उलटी केली.

नग आतून पक्का होता. साधासुधा पक्का नाही. कडेपासून मध्यापर्यंत एकसारखा काळा, घट्ट, कुठं बुडबुडा नाही, डाग नाही. इतका चांगला नग मी त्या डायमधून आदल्या दिवशी एकही कापला नव्हता.

मिस्त्री माझ्याजवळ सरकले. हळूच म्हणाले, "देवाचा म्हणून उदबत्ती संपेपर्यंत दाबून ठेवला होता रे मी त्याला. तू हार आणायला गेला होतास."

मालकांचा चेहरा लालबुंद. शेठ म्हणाले, "हे काही बरं झालं नाही. राहू द्या आज." खरंच राहू दिलं असतं तर! पण दादा मध्ये पडला. त्याला माझी लाज राखायची होती. हसून म्हणाला, "जाऊ द्या की शेठ. पोरगं माझ्या काळजीनं बावचळलंय. देव काय एवढ्यानं रागावतोय व्हय?" आणि माझ्यापुढं हात केला. "दे, दुसरा दे. तूच निवड."

मी पिशवी उपडी केली. एकेक नग हातात घेतला, वास घेतला, दाबला, कडा बघितल्या. सगळे सारखेच दिसत होते. त्यातला मला जो सगळ्यात बरा वाटला तो मी उचलला. दादा गमतीनं म्हणाला, "ह्यो पण काप की."

सगळे हसले. मीही हसलो. "कापला तर लावशील काय?"

तेवढंच बोललो मी. पण हसता हसता थांबलो, कारण त्यानं बोलता बोलता माझ्या सगळ्या कामाच्या मर्मावर बोट ठेवलं होतं. जो नग मी कापून बघितला तो पक्का असला तरी फेकायचा, आणि जो मागावर लागणार तो कधीच आतून बघितलेला नसणार. त्याच्याबद्दल मला जे ठाऊक होतं ते त्याच्या भावंडांवरून. मी नग दादाच्या हातात दिला.

त्यानं तो बसवला, त्याला झटका देणारा पट्टा आवळला, हातानं धोटा दोनदा इकडून तिकडं सरकवून बघितला. माग सुरू झाला. खटाक, खटाक. चादरीवर लाल काठ चढायला लागला. मी दर ठोक्याला मनात म्हणत होतो, हा गेला, हा गेला, हाही गेला. थोड्या वेळानं मालकांचा राग निवळला. शेठनी चहा सांगितला. मिस्त्री एका चादरींच्या गाठोड्यावर टेकले. मालक माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बघ, उगीच तमाशा केलास." मला हायसं वाटायला हवं होतं. पण वाटत नव्हतं. मी तसाच त्या पिकरकडं बघत उभा होतो आणि तो मला काहीच सांगत नव्हता. कड फुलत नव्हती, तंतू सुटत नव्हता. नवाकोरा दिसत होता.

चहा आला. मी कप घ्यायला मान वळवली. मागाचा आवाज बदलला. फार मोठा आवाज झाला नाही, ओलं कापड आपटावं तसा एकच भद्द आवाज. मी बघितलं तर दादा वाकला होता, सुटलेलं सूत बघतोय असं वाटलं. मग त्यानं तोंडावर धरलेल्या हाताच्या बोटांमधून रक्त आलं.

सिव्हिलमध्ये डॉक्टरांनी उजवा डोळा काढला. वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणाले. वैनी आली ती हाताला पीठ तसंच. रडली नाही, ओरडली नाही. माझ्यासमोर उभी राहून एवढंच म्हणाली, "तुमी हुता की तितं." ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या कारखान्यात जाऊन मागाखालून फुटलेला पिकर शोधून काढला. अर्धा तुकडा मिळाला. तुटलेल्या बाजूनं बघितलं. मधोमध मऊ, करडा, चिकट गोळा. कच्चा. दिवा पिवळा झाला होता तेव्हाचा असणार, दुसरं काय? मी माग बघितला, पट्टा बघितला. पट्टा अगदी हवा तसा आवळलेला होता. दादाचा हात त्यात कधी चुकायचा नाही. तुकडा मी खिशात घातला आणि मालकांना दाखवायचाच म्हणून निघालो. ट्रायल फसली, डाय बंद ठेवा, विजेचा दाब पडतो तेव्हा नग काढूच नका, हे सगळं मी वाटेत पाठ करत होतो.

मालक मला सिव्हिलच्या पायऱ्यांवरच भेटले. हातात रिकामी पिशवी, मोसंबी देऊन येत होते. चेहऱ्यावरचा ताण उतरलेला. "झालं ते वाईट झालं," ते म्हणाले. "पण तुझा भाऊ माणूस खरा. मी आणि शेठ दोघंही होतो. त्यानं स्वतः सांगितलं, पट्टा माझ्याकडनं जास्त ताणला गेला, नगाचा दोष नाही. शेठचं समाधान झालं. डाय पास आहे. उद्यापासून माल काढायला घेऊ. पुढच्या आठवड्यात मागांवर जायला लागेल." माझ्या पाठीवर थाप मारून ते गेलेसुद्धा.

मी वर धावत गेलो. दादा खाटेवर पडला होता, अर्ध्या तोंडाला पट्टी. वैनी उशाशी बसून मोसंबं सोलत होती. मी श्वाससुद्धा घेतला नाही. "दादा, असं का सांगितलंस? पट्टा बरोबर होता. मी बघून आलोय."

मी खिशातून तुकडा काढून त्याच्या तळहातावर ठेवला. त्यानं तो न बघता चाचपला. बोटं तुटलेल्या जागी गेली आणि तिथं चिकटली.

"कच्चा व्हता?"

"व्हय. पार कच्चा. आता हाच नेऊन मालकाच्या टेबलावर आपटतो. पुढच्या आठवड्यात असले नग साऱ्या सोलापूरच्या मागांवर जातील दादा. कितीजणांचे डोळे..."

"कुणी निवडला म्हणून इचारतील."

"मी निवडला म्हणून सांगीन."

"देवाचा नग तू कापलास, समद्यांनी बगितलं. मग कच्चा नग बी तूच दिलास म्हनशील. जित्तं ठिवतील तुला?" त्यानं पट्टीखालून तोंड वाकडं करत दम घेतला. "म्हणून तर म्हनलो की, पट्टा मी ताणला."

वैनीचा हात मोसंब्यावर थांबला होता. मी खाटेशी बसलो. "दादा, दे तो इकडं." त्यानं मूठ मिटली. मी एकेक बोट उलगडायला बघितलं. वर्षानुवर्षं मागावर घट्ट झालेला हात तो, एक बोट हललं नाही. "दादा, त्या मागांवर पण कुणाकुणाचे भाऊ आहेत रे," मी म्हणालो, आणि मला रडू फुटलं. त्यानं मुठीसकट हात चादरीखाली घेतला, तोंड भिंतीकडं केलं, आणि तुकडा काही दिला नाही.